जुन्या घडणीचे ब्रेक लिव्हर (रेसर सायकल)

रेसर सायकलच्या वाकड्या हँडलवर बसणारे आणि माथ्यातून तार बाहेर सोडणारे ब्रेक लिव्हर. वाइनमान, माफाक, डाया-कोंपे, काम्पान्योलो या कंपन्यांचे जुने लिव्हर याच जातीचे. तार हँडलला गुंडाळलेल्या टेपखाली लपवणारे लिव्हर १९८०च्या दशकात रुळले, आणि १९९०मध्ये शिमानोने ब्रेक व गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले.

जोडणीत सर्वांत जास्त चुका पट्ट्याच्या, म्हणजे लिव्हर हँडलला आवळून धरणाऱ्या कड्याच्या, मापात होतात. ॲल्युमिनियमच्या बहुतेक हँडलांचा बाक २३.८ मिमी जाडीचा असतो, जुन्या पोलादी हँडलांचा बहुधा २२.२ मिमी. व्हर्नियर कॅलिपरने मोजल्याशिवाय पट्टा निवडू नये. मोठा पट्टा टोके एकमेकांना भिडेपर्यंत आवळला तरी फिरतो. लहान पट्टा ताणून घातला तर वाकतो किंवा तुटतो. पट्टा हँडलच्या टोकाकडूनच आत सरकतो, म्हणून टेप आधी काढावी लागते.

रबरी हूड (लिव्हरच्या अंगावरचे, हात टेकवायचे आवरण) साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, लिव्हर हँडलवर चढवण्याआधीच मागून घालावे. हँडलच्या खालच्या सपाट भागाला मोजपट्टी लावली असता लिव्हरचे टोक तिला टेकावे, ही जुनी आणि बहुतांश हातांना चालणारी जागा. आवळायचा बोल्ट लिव्हर पूर्ण दाबल्यावरच आत दिसतो. तार ओवल्यावर ती पान्याच्या आड येते, म्हणून बोल्ट आधी आवळावा आणि लिव्हर हाताने पिळून पाहावा. तो जरासुद्धा हलला, तर हूडवर भार टाकून चालवताना खाली घसरणार.

तारेचे टोक नासपतीच्या आकाराचे हवे. साध्या सायकलच्या तारेचा आडवा गोळा या खोबणीत बसत नाही. आउटर (तारेवरचे बाहेरचे आवरण) ५ मिमीचे घ्यावे, कापलेले टोक कानशीने सपाट करावे. आत वळलेला काठ राहिला तर लिव्हर जड चालतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लांबी ठरवावी, कारण आखूड आउटर वळणावर आपोआप ब्रेक ओढते. त्र्यंबक रस्त्यावरच्या पावसात जाणाऱ्या सायकलीच्या तारेला थोडे ग्रीस हवेच.

टेप गुंडाळताना पट्ट्यावर आधी टेपचा छोटा तुकडा चिकटवावा आणि हूडचा काठ उलटा करून टेप त्याखाली न्यावी.

हूडवरून दाबताना बोटे लिव्हर ज्यावर फिरतो त्या खिळीजवळ पडतात, त्यामुळे जोर कमी मिळतो. नाशिकहून कसारा घाट उतरताना हात खालच्या बाकात ठेवून लिव्हरच्या टोकाशी दाबावे. म्हणूनच तिथून बोटे सहज पोहोचतात का, हे टेप लावण्याआधी तपासावे.