स्वतःचं भुताचं कॉमिक छापायचंय? चित्रं रंगवायच्या आधी एकदा येऊन जा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतोच, पण हल्ली फाइन आर्ट्सची मुलं आणि नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढणारी मंडळी स्वतःचं हॉरर कॉमिक घेऊन यायला लागलीत, आणि खरं सांगतो, हे काम आम्हाला मनापासून आवडतं. फक्त बहुतेक जण सगळी पानं पूर्ण रंगवूनच येतात आणि मग काही गोष्टी बदलता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान उलटणं. सिनेमात भूत कधी दिसणार ते दिग्दर्शक ठरवतो, कॉमिकमध्ये वाचकाचा अंगठा ठरवतो. पुस्तक उघडलं की डावं-उजवं दोन्ही पानं एकदम नजरेत येतात, त्यामुळे उजव्या पानावर मुंजा काढलात तर डावं वाचून व्हायच्या आतच तो दिसून जातो. कडी हलली, "खुट्ट" झालं, एवढंच उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा, आणि दारामागे काय आहे ते उलटल्यावर डाव्या पानावर. पान १ उजवीकडे येतं, म्हणजे डावी पानं सगळी सम आकड्यांची. एका मुलाने हे सगळं अगदी नीट बसवलं होतं आणि शेवटच्या दिवशी आभाराचं एक पान सुरुवातीला घातलं, झालं, अख्खी गोष्ट एका पानाने सरकली आणि सगळे धक्के उजवीकडे गेले. आमच्याही लक्षात आलं नाही, गठ्ठा हातात घेतल्यावर त्याचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून डमी बघितल्याशिवाय आम्ही छपाईची प्लेट काढत नाही. डमी म्हणजे ए-फोरचे सहा कागद मधे दुमडायचे, २४ पानं होतात, त्यावर पेन्सिलने नुसत्या चौकटी आणि आकडे. मधे पिन मारायच्या पुस्तकाला पानं चारच्या पटीतच लागतात.

दुसरं, काळा रंग. भुताच्या गोष्टीत निम्मं पान अंधारच असतो. नुसता काळा १०० टक्के ठेवला तर मोठ्या भागात तो राखाडी, फिका वाटतो, आणि चारही रंग १००-१०० टाकले तर शाई वाळतच नाही, पावसाळ्यात तर पानं एकमेकांना चिकटतात. आम्ही साधारण निळा ६०, गुलाबी ४०, पिवळा ४०, काळा १०० असं देतो, आर्टपेपरवर विहिरीसारखा खोल अंधार येतो. पण त्या अंधारात पांढरी बारीक अक्षरं ठेवू नका. चार रंग केसभर जरी इकडेतिकडे सरकले तरी पहिले अनुस्वार आणि रफार बुजतात, मग "अंत"चं "अत" होतं. अक्षरं जाड घ्या, नाहीतर संवाद पांढऱ्या फुग्यात. आणि फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करून द्या, म्हणजे फॉन्टऐवजी अक्षरांचे नुसते आकार राहतील, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात.

आवाजांचे शब्द मात्र आपले वापरा हो. सळसळ, कर्रर्र, धप्प, खुट्ट, एवढे नेमके शब्द असताना इंग्रजी "क्रॅश" कशाला? भुतंसुद्धा आपल्याकडे किती, पिंपळावरचा मुंजा, वाट चुकवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा, हडळ, प्रत्येकाची राहायची जागा आणि खोड वेगळी, आणि चकव्याला तर चेहराच काढायला लागत नाही, तीच गल्ली तीन चौकटींत परत परत काढा, वाचक आपोआप घाबरतो. जागा बघायची असेल तर रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या, भिंतीवरची जुनी चित्रं बघा, लाकडी कोरीवकाम बघा. फोटोवरून काढलेला वाडा आणि स्वतः फिरून काढलेला वाडा यातला फरक आम्हाला प्रूफवरही, म्हणजे छपाईआधी काढलेल्या नमुन्यावरही, कळतो.

बाकी थोडक्यात. रंगीत पानं ३०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके), नुसतं शाईचं रेखाटन ६००च्या वर, कटिंगसाठी चारी बाजूंनी ३ मिमी जास्त. ५०-१०० प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेटवरची छपाई, परवडतं. पहिल्यांदा कमीच छापा, विकल्या की परत छापता येतात, घरात गठ्ठे पडले की पुढचं कॉमिक काढायचा उत्साह जातो.

नवरात्र ते दिवाळी आमच्याकडे गरब्याचे पास आणि कॅलेंडरांची गर्दी असते, तेव्हा त्याआधी या. डमी आणि रंगवलेलं एकच पान आणा, त्या पानाचं प्रूफ तुमच्यासमोर काढून देऊ. ते घरी न्या, रात्री बघा, आणि मगच बाकीची पानं रंगवा.