हत्ती : सुटकेनंतरची निगा

सर्कस, भिक्षाटन, ओझेवाहतूक किंवा मिरवणुकांच्या कामातून सोडवलेल्या आशियाई हत्तीवरील उपचार व त्याचे संगोपन. असा हत्ती सहसा पुन्हा रानात सोडला जात नाही. त्यामुळे ही निगा आयुष्यभराची ठरते.

भारतीय गजचिकित्सेच्या उगमाचे श्रेय परंपरेने पालकाप्य मुनींना दिले जाते. त्यांनी अंग देशाचा राजा रोमपाद याला सांगितलेला ‘हस्त्यायुर्वेद’ महारोग, क्षुद्ररोग, शल्य व उत्तर अशा चार स्थानांत (भागांत) विभागलेला असून पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ मध्ये छापला. काही अभ्यासक त्याला इसवी सनापूर्वीचा मानतात. तथापि गद्य-पद्याची सरमिसळ पाहता उपलब्ध संहिता अनेक हातांनी व बरीच नंतर सिद्ध झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोलापूरचा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली असताना तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात (सु. ११३०) हत्तींचे प्रकार, त्यांना पकडण्याच्या रीती व त्यांची निगा यांना स्थान मिळाले. सोलापूर हा रानटी हत्तींचा मुलूख नसूनही गजविद्येशी त्याचा संबंध आहे तो असा.

सुटका झालेल्या हत्तीची तपासणी बहुधा पायांपासून सुरू होते. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला सामान्यतः पाच व मागच्या पायाला चार नखे असतात, आणि तळव्याच्या आत मेदाची जाड गादी असते. डांबरी रस्त्यावरची चाल, फरशीवर एकाच जागी साखळदंडात उभे राहणे आणि मूत्राने भिजलेली जमीन यांमुळे तळव्याला भेगा पडतात, नखे अवास्तव वाढून चिरतात व नखाच्या मुळाशी गळू होते. संसर्ग हाडापर्यंत गेला तर तो जिवावर बेततो. निगा राखणारा हत्तीला आडव्या दांडीवर पाय टेकवायला शिकवतो, कोमट पाण्याने तळवा धुतो, मऊ पडलेली जागा अंगठ्याने चाचपतो व वाढलेले नख कानशीने थोडथोडे घासतो. अंकुशाऐवजी कलिंगडाच्या फोडीवर ही शिकवण होते. वेळ लागतो, पण हत्ती पुढे आपणहून पाय देतो. टेकून झोपण्यासाठी वाळूचा उतरता ढीग दिल्यास सांध्यांवरचा भारही हलका होतो.

प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा व शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. सोलापूरकडे ज्वारीचा कडबा व उसाचे वाढे मुबलक असले, तरी नुसत्या कोरड्या कडब्यावर आणि अपुऱ्या पाण्यावर ठेवलेल्या हत्तीच्या पोटात चारा अडकून पोटशूळ होऊ शकतो. भाविकांकडून मिळणारा गूळ, केळी व भात यांनी वजन वाढते आणि तो भार पुन्हा पायांवरच येतो. हत्तीच्या कातडीत घर्मग्रंथी जवळजवळ नसतात. तो कानांच्या हालचालीने उष्णता बाहेर टाकतो. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या या भागात म्हणूनच सावली, चिखल व डुंबण्याचे पाणी हा उपचाराचाच भाग समजावा.

माणसाकडून हत्तीला क्षयरोग होऊ शकतो. त्यासाठी सोंडेत मिठाचे पाणी घालून परत घेतलेले नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी तपासतात.