अव्हेंजर्सची शाळा: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशनाच्या अव्हेंजर्ससारख्या मुरलेल्या सुपरहिरो-संघानं नवख्या, कोवळ्या सुपरहिरोंना शिकवायचं अंगावर घ्यावं का, यावर अमेरिकी कॉमिक्सचे वाचक अजूनही हमरीतुमरीवर येतात. वाद तत्त्वाचा वाटतो. जुने अंक चाळले की मात्र दिसतं ते असं, की काही विपरीत घडल्याशिवाय मोठ्यांनी शाळा उघडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

मुळात शिकवण्याचा विषयच नव्हता. बॅटमन १९३९ मध्ये आला आणि वर्षभरात त्याला रॉबिन मिळाला. बॅटमनला बोलायला कोणीतरी हवं होतं आणि बालवाचकांना आपल्या वयाचं पात्र हवं होतं, एवढाच हिशेब. खप वाढला, मग इतर नायकांच्या मागेही एकेक पोरगा दिसू लागला. कॅप्टन अमेरिका १९४१ च्या पहिल्या अंकातच बकीला घेऊन अवतरला. हा मुलगा बंदुकांसमोर काय करतोय, हे तेव्हा कथेत कोणी विचारत नाही.

प्रशिक्षण हा कथेचा गाभा झाला तो सप्टेंबर १९६३ च्या ‘एक्स-मेन’मध्ये. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरमधली निवासी शाळा, पाच विद्यार्थी, चाकाच्या खुर्चीतले प्रोफेसर झेवियर आणि यंत्रांनी भरलेली सरावाची ‘डेंजर रूम’. गंमत अशी की त्याच महिन्याचा शिक्का असलेल्या अंकात त्याच जोडीनं, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी, अव्हेंजर्सही जन्माला घातले. एक संघ शाळा म्हणून सुरू झाला, दुसरा मोठ्यांचा क्लब म्हणून. अव्हेंजर्सनी मुलांना शिकवावं असं म्हणणारे हा फरक सोयीस्कर विसरतात.

क्लबात मुलांना मज्जाव का, याचं कारण १९६४ च्या चौथ्या अंकात मिळालं. बर्फातून सापडलेला कॅप्टन अमेरिका शुद्धीवर येतो तोच बकीच्या नावानं ओरडत. महायुद्धात स्फोटकं भरलेल्या विमानावर बकी मेला, असं आता पहिल्यांदाच सांगितलं गेलं. संघाच्या आगेमागे वावरणाऱ्या रिक जोन्स या पोराला बकीची जागा हवी होती. कॅप्टन त्याला जवळ करी, पण बकीच्या पोशाखाचा विषय निघाला की बिथरे. पुढे अव्हेंजर्सच्या प्रत्येक नकारामागे हा मेलेला मुलगा उभा आहे.

मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी प्रकाशनाकडे, म्हणजे बॅटमनच्या डीसीकडे, वेगळंच घडलं. १९६४ मध्ये रॉबिन, किड फ्लॅश आणि अॅक्वालॅड एकत्र आले, पुढच्या वर्षी त्यांना ‘टीन टायटन्स’ हे नाव मिळालं. गुरूंना बाजूला ठेवून शिष्यांनीच काढलेलं हे मंडळ. १९८४ मध्ये पहिला रॉबिन डिक ग्रेसन रॉबिनपण टाकून नाइटविंग नावाचा स्वतंत्र नायक झाला, तो याच मित्रांच्या सोबतीत. दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, हे भाग्य लाभलं नाही. १९८८ मध्ये त्यानं जगावं की मरावं यावर वाचकांचं फोनवरून मतदान झालं आणि अवघ्या ७२ मतांच्या फरकानं त्याला मारण्यात आलं.

एक्स-मेनमधली १९८३ ची किटी प्राइड मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. अंतराळातल्या लढाया लढून परतलेल्या या पोरीला झेवियर नव्या विद्यार्थ्यांच्या ‘न्यू म्युटंट्स’ तुकडीत बसवायला निघतात. अंकाच्या पहिल्याच पानावर ती प्रोफेसरांच्या नावानं खडे फोडते. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचं वय दिसतं, अनुभव दिसत नाही, ही तिची तक्रार तिच्यानंतरच्या प्रत्येक पिढीनं केली.

आजच्या वादाला खरी धार आली ती २००५ नंतर. त्या वर्षी ‘यंग अव्हेंजर्स’ आले: वारसा सांगणारी, पण कुणीच न बोलावलेली मुलं. कॅप्टन अमेरिका आणि आयर्न मॅन यांनी त्यांना शिकवायला नकार दिला, पोशाख उतरवा आणि घरी जा म्हणाले. मुलांनी नवे पोशाख शिवले आणि काम चालू ठेवलं. नकार देऊन मुलं थांबत नाहीत, हे इथे स्पष्ट झालं. पण लगेच २००६ मध्ये दुसऱ्या बाजूचा पुरावाही आला. ‘न्यू वॉरियर्स’ या तरुण संघानं टीव्हीच्या रिअॅलिटी शोसाठी काही खलनायकांवर छापा घातला. त्या खलनायकांपैकी नायट्रोनं स्वतःचाच स्फोट घडवला आणि कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डमध्ये सहाशेहून जास्त माणसं मेली, त्यात शाळकरी मुलंही होती. त्यातून सुपरहिरोंना सरकारकडे नोंदणी सक्तीची करणारा कायदा, सुपरहिरोंमधलं यादवी युद्ध, आणि २००७ मध्ये स्टॅमफर्डमध्येच उभं राहिलेलं सरकारी प्रशिक्षण केंद्र, कॅम्प हॅमंड. तिथे पहिल्याच अंकात सरावाच्या वेळी एक होतकरू मुलगा मरतो. व्यवस्थापन प्रकरण दाबतं, वर त्याचे क्लोन बनवतं, आणि त्यातलाच एक पुढे माणसं मारत सुटतो.

२०१० ची ‘अव्हेंजर्स अकॅडमी’ त्यामानानं सौम्य दिसते. जुना अव्हेंजर हँक पिम प्रमुख, सहा विद्यार्थी, आपण सर्वांत गुणी म्हणून निवडले गेलो अशी त्यांची समजूत. पहिला अंक संपता संपता त्यांना कळतं की नॉर्मन ऑसबॉर्न या खलनायकानं छळलेल्या मुलांपैकी खलनायक होण्याचा धोका ज्यांच्यात सर्वाधिक, तेच इथे आणले आहेत. म्हणजे ही शाळा म्हणायला शाळा, आतून पाळत. तरीही माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग हाच, कारण शिक्षकांचे स्वतःचे डाग मुलांसमोर उघडे पडतात आणि त्यावर बोललं जातं.

२०१६ मध्ये मिस मार्व्हल, नोव्हा आणि माइल्स मोरालेस हा स्पायडरमॅन या किशोरवयीन सुपरहिरोंनी मोठ्यांच्या वागण्याला कंटाळून अव्हेंजर्स सोडले आणि ‘चॅम्पियन्स’ काढलं. चार वर्षांनी एका शाळेतल्या दुर्घटनेत मिस मार्व्हल म्हणजे कमला खान बेशुद्ध पडली, आणि तिला न विचारताच तिच्या नावानं कायदा झाला: एकवीस वर्षांखालच्या सुपरहिरोनं मान्यताप्राप्त प्रौढ मार्गदर्शकाशिवाय काम करायचं नाही. शुद्धीवर आल्यावर कमला त्याच कायद्याविरुद्ध उभी राहिली. या कायद्याखाली नव्या मुलांचे मार्गदर्शक म्हणून मार्व्हलनं मार्च २०२० मध्ये कुणाची मालिका जाहीर केली होती? स्टॅमफर्डचा ठपका ज्यांच्यावर होता, त्याच न्यू वॉरियर्सची. ती मालिका कधी प्रसिद्धच झाली नाही.