लघवीत रक्त: ज्येष्ठांचा नमुना आणण्यापूर्वी वाचा

चिठ्ठीवर ‘युरिन रुटीन’ म्हणजे लघवीची साधी तपासणी असते, आजोबांना परवा लाल लघवी झालेली असते आणि घरचे पहाटे पाचचा नमुना दहा वाजता आमच्या लॅबच्या काउंटरवर ठेवतात. असा नमुना आम्ही परत करतो. त्यावरून वाद होतात, म्हणून कारण छापून देत आहोत.

बाहेर आलेल्या लघवीत लाल पेशी फार वेळ टिकत नाहीत. लघवी पातळ असली की त्या फुगून फुटतात. उबेत जंतू वाढतात, लघवी अल्कधर्मी होते आणि उरल्यासुरल्या पेशीही जातात. मग तपासणीच्या पट्टीवर (लघवीत बुडवली की रंग बदलणारी) रक्त येतं, कारण फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन पट्टी पकडते. पण मायक्रोस्कोपखाली पेशी सापडत नाहीत. शिवाय जंतू नमुन्यात वाढले की मुळात होते हे कसं ठरवणार? डॉक्टर पुन्हा तपासणी लिहून देतात आणि तुमचे पैसे व दिवस दोन्ही जातात. शिळा नमुना तपासून पैसे घेणं आम्हाला सोपं आहे, पण तो रिपोर्ट कामाचा नसतो.

नमुना तासाभरात पोहोचवा, फार तर दोन तासांत. उशीर होणारच असेल तर डबी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नको. डबी आमच्याकडून न्या, तिचे पैसे नाहीत. घरची बाटली धुतलेली असली तरी तिच्यात ब्लीचचा अंश राहिला तर रक्त नसतानाही पट्टी रंग बदलते. ‘व्हिटॅमिन सी’च्या गोळ्यांनी उलटं होतं, रक्त असून पट्टी गप्प बसते. गोळ्या चालू असतील तर सांगा.

जागा स्वच्छ धुवा, पहिली धार सोडा, मधली ३० मिलिलिटर धरा. आजींच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं: पाळी गेल्यानंतर योनीमार्गातून येणारं रक्त लघवीतलं वाटू शकतं, आणि त्याची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे होते. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर युरोबॅगमधली, म्हणजे नळीला जोडलेल्या पिशवीतली लघवी आणू नका, ती तासन्‌तास साठलेली असते. आमचा तंत्रज्ञ नळीच्या पोर्टमधून ताजी काढतो. कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) लिहिलं असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या.

रुटीनसाठी सकाळची पहिली लघवी उत्तम. मात्र ‘सायटॉलॉजी’ (कर्करोगाच्या पेशी शोधण्याची तपासणी) लिहिली असेल तर ती चालत नाही, रात्रभर मूत्राशयात राहून पेशी खराब झालेल्या असतात. त्यासाठी दुसऱ्या वेळची द्या. बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागवतात, ते पैसे काढण्यासाठी नव्हे.

कारणं बरीच आहेत: मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मुतखडा, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट, मूत्रपिंडाचे आजार, आणि मूत्राशय, मूत्रपिंड किंवा प्रोस्टेटचा कर्करोग. बीट खाल्ल्यानं किंवा क्षयाच्या रिफाम्पिसिननं लघवी लालसर-नारिंगी होते, पण त्यात रक्त नसतं. तेवढं आमच्या तपासणीत कळतं. बाकी कारण ठरवणं डॉक्टरांचं काम.

इथे एकच गोष्ट ठासून सांगतो. एकदा लाल लघवी झाली, दुखलं नाही, दोन दिवसांत आपोआप थांबली, म्हणून घरचे विषय संपवतात. मूत्राशयाचा कर्करोग असाच वागतो: दुखत नाही, रक्त येतं, थांबतं, काही महिन्यांनी परत येतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. तेव्हा स्वच्छ दिसणाऱ्या लघवीचाही नमुना द्या. डोळ्यांना दिसलेलं रक्त मात्र आमचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी युरोलॉजिस्टना (मूत्रविकारतज्ज्ञांना) सांगाच. सोनोग्राफीत मूत्राशयातली छोटी गाठ सुटू शकते, म्हणून ते दुर्बिणीची तपासणी सुचवतात. ‘रक्त पातळ करायची गोळी आहे, तिच्यामुळेच असेल’ हेही गृहीत धरू नका. गोळीनं रक्त सहज दिसतं, पण मूळ आजार वेगळा असू शकतो. गोळी स्वतःहून बंद तर मुळीच करू नका.

फॉर्मवर तीन गोष्टी लिहा: रक्त सुरुवातीला, शेवटी की पूर्ण धारेत दिसलं, रक्ताच्या गाठी होत्या का, कोणती औषधं चालू आहेत.

रक्ताच्या गाठी पडून लघवी तुंबली, किंवा थंडी वाजून ताप आणि कमरेत कळा असतील, तर आमच्याकडे वेळ घालवू नका, सरळ रुग्णालय गाठा.

अंथरुणावर असलेल्यांसाठी आमचा माणूस थंड पेटी घेऊन घरी येतो. आदल्या संध्याकाळी फोन करा.