होडीच्या कव्हरला बुरा आलाय? नवीन शिवायला टाकण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी, मालवण, तारकर्ली, देवबागला मे संपता संपता जलपर्यटन बंद होतं आणि मग होड्या वर ओढून तीन महिने झाकून ठेवलेल्या असतात. ऑगस्टच्या शेवटी कव्हर काढलं की काळे ठिपके, हिरवट थर, कुबट वास, आणि आमच्याकडे येऊन पहिला प्रश्न काय तर नवीन केवढ्याला पडेल. नवीन शिवून देऊच, तोच आमचा धंदा आहे, पण खरं सांगतो, येतात त्यातली बरीच कव्हरं नीट धुतली तर अजून चालतील अशी असतात, कापड शाबूत असतं आणि पैसे मात्र उगाच जातात.

कारण ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यावर बुरशी पोसत नाही. ती पोसते त्यावर बसलेल्या घाणीवर, म्हणजे धूळ, कुजलेली पानं, पक्ष्यांची घाण, माशांचं पाणी. त्यात समुद्राचं मीठ, पावसात मिठाची बरणी कशी पाझरते बघा, तसंच कापडातलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कव्हर कधी पूर्ण सुकतच नाही. म्हणून मे महिन्यात झाकायच्या आधी गोड्या पाण्याने एकदा धुतलं तरी अर्धं काम झालं. सुती कॅनव्हासची गोष्ट वेगळी, तिथे बुरशी धागाच खाते, दोन्ही हातांनी ताणून बघा, फाटलं तर त्याला धुण्यात अर्थ नाही.

धुण्याआधी कापड कुठलं ते कळलं पाहिजे, इथेच लोक चुकतात. चांगल्या मरीन ॲक्रिलिकमध्ये धागा बनतानाच रंग आत घातलेला असतो, त्याला पातळ केलेलं ब्लीच चालतं. पॉलिएस्टरला आम्ही ब्लीच लावत नाही, रंग उडतो आणि कापडही कमजोर होतं, त्याला रंगीत कपड्यांसाठी मिळते ती ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर कोमट पाण्यात. पीव्हीसी ताडपत्रीला भांड्यांचं लिक्विड आणि मऊ ब्रश बास. कळत नसेल तर आतल्या काठावर, जिथे दिसणार नाही तिथे, थोडं ब्लीचचं पाणी लावा, 10 मिनिटांनी धुवा आणि सुकल्यावर रंग बघा, किंवा सरळ कव्हर घेऊन या, हात लावून सांगू, त्याचे पैसे नाहीत.

आता धुणं. आधी सुकं असतानाच झटका आणि मऊ ब्रशने झाडा, ओलं करून घासलं की तीच घाण आत जाते. हे अंगणात, वाऱ्यावर, मास्क लावून करा, बुरशीची धूळ छातीला वाईट, घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना लांबच ठेवा. मग पाण्याने भिजवा. साधा मळ असेल तर 10 लिटर कोमट पाण्यात साधारण 150 मिली सौम्य लिक्विड साबण पुरतो. ॲक्रिलिकवर बुरा असेल तर त्यातच अर्धा लिटर घरगुती लिक्विड ब्लीच घाला, 15 मिनिटं भिजू द्या, पण उन्हात वाळू देऊ नका, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा आणि मग साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत भरपूर पाण्याने काढा. विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर वापरू नका, न विरघळलेला कण बसला की तिथे पांढरा ठिपका कायमचा. आणि कृपा करून ब्लीचमध्ये व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, अमोनिया काहीही मिसळू नका, विषारी गॅस होतो, जीवावर बेतू शकतं. ते पाणी माडाच्या आळ्यात किंवा खाडीतही सोडायचं नाही.

काथ्याचा ब्रश, तारेची घासणी आणि गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको म्हणजे नकोच. पंपाने डाग पटकन जातो खरा, पण वरचं कोटिंग आणि शिवणही जाते, मग पहिल्याच पावसात कव्हर गळतं. पारदर्शक खिडक्यांना ब्लीच, स्पिरिट आणि सुकं फडकं तिन्ही नको, आधी पाणी मारून वाळू काढायची आणि मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ कपड्याने पुसायचं.

डागांचं थोडक्यात. गंजाच्या डागाला ब्लीच लावलं तर तो पक्का बसतो, त्याला लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवा आणि धुऊन टाका, पण त्याच दिवशी त्याच जागी ब्लीच नको. इंजिन ऑइलला भांड्यांचं लिक्विड नुसतं चोळायचं. जांभळाचा डाग ताजा असेल तर निघतो, काजूच्या बोंडाचा मात्र आमच्याकडूनही पूर्ण जात नाही, तेव्हा होडी काजूखाली ठेवूच नका.

सुकवणं सगळ्यात महत्त्वाचं. इस्त्री नाही, ड्रायर नाही, उघडीप मिळाली की दोरीवर पसरून आतबाहेर दोन्ही बाजूंनी सुकवा, काठाची दुमड आणि शिवणी हाताने चाचपून बघा, वरून सुकं वाटतं आणि दुमड ओलीच असते. तशीच घडी घालून मांगरात ठेवली तर आठवड्यात बुरा परत. पूर्ण सुकल्यावर वर पाणी शिंपडा, थेंब घरंगळले तर ठीक, मुरले तर वॉटर रिपेलंट स्प्रे मारावा लागेल, ब्लीचने धुतलेल्याला तो बहुतेक लागतोच. होडीवर घालताना मध्ये काठी किंवा बांबू द्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि दोन्ही टोकांना वारा खेळायला जागा ठेवा.

आमच्याकडे धुणं, स्प्रे, उसवलेली शिवण, चेन आणि हुक बदलणं सगळं होतं. कव्हर आणताना सुकवून आणा, काय काय लावून बघितलं ते न लाजता सांगा, कारण त्यावरच आम्ही पुढे काय लावायचं ते ठरतं. गणपतीत दुकान बंद असतं, तेव्हा सीझनच्या आधी हवं असेल तर चतुर्थीच्या निदान पंधरा दिवस आधी द्या.