प्रबंधाची साम्य-तपासणी

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी त्यातील मजकूर आधी उपलब्ध असलेल्या लेखनाशी किती जुळतो, हे संगणकप्रणालीने पाहण्याची पद्धत. विद्यार्थी तिला ‘प्लॅगरिझम (वाङ्मयचौर्य) काढणे’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या विनियमांनी अशा तपासणीची व्यवस्था उच्च शिक्षण संस्थांवर बंधनकारक केली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून विद्यापीठांना त्यासाठी प्रणाली पुरवते.

तपासणी बहुधा विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित चिन्हे व समीकरणे मोजणीतून वगळायची असतात. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे शब्दही. उरलेल्या मजकुरात १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द होते. मात्र ही शिक्षा प्रणाली देत नाही; विभागीय आणि संस्थास्तरीय समित्यांनी संबंधिताची बाजू ऐकून निर्णय घ्यायचा असतो.

आकडा फुगतो तो बरेचदा मांडणीमुळे. अवतरणचिन्हे न घालता नुसता समास सोडून दिलेला उतारा प्रणालीला अवतरण वाटेलच असे नाही. ‘संदर्भसूची’ हे मराठी शीर्षक ओळखता आले नाही, तर सगळी सूची साम्यात धरली जाते. विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रसिद्ध लेखही जुळतो. तो वेगळा दाखवून मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र जोडणे हा त्यावरचा सरळ मार्ग. कच्चा मसुदा बाहेरच्या दुकानातून तपासून घेतला आणि तो तिथल्या प्रणालीच्या साठ्यात जमा झाला, तर अंतिम प्रत त्याच मसुद्याशी जवळजवळ पूर्ण जुळू शकते. म्हणून मसुदा तपासताना ‘साठ्यात जमा करू नये’ हा पर्याय निवडलेला आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

मराठी प्रबंधांत उलट धोका मोठा आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत साठतात ती रोमन अक्षरांची चिन्हे. अशा प्रतीचा दोन टक्के साम्याचा अहवाल निरर्थक असतो. प्रत आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, आणायला हवी, आणि रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडतात म्हणून ती पुन्हा वाचायला हवी. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील अनेक जुने प्रबंध तर स्कॅन केलेल्या पानांची चित्रे आहेत, आणि मराठीतली कितीतरी पुस्तके, दिवाळी अंक व नियतकालिके आंतरजालावर नाहीतच. तिथून उचललेले पानच्या पान प्रणालीला दिसत नाही. इंग्रजी ग्रंथाचा विनाउल्लेख केलेला मराठी अनुवादही सहसा सुटतो.

त्यामुळे अहवालातील एकूण टक्केवारीपेक्षा स्रोतवार यादी महत्त्वाची. चाळीस ठिकाणांहून विखुरलेले १२ टक्के बहुधा रूढ शब्दप्रयोगांचे असतात. एकाच प्रबंधातून आलेले सलग सात टक्के नियमात बसूनही चौर्यच असू शकतात. आकडा उतरवण्यासाठी समानार्थी शब्द बदलत गेल्यास वाक्य बिघडते, कल्पना मात्र दुसऱ्याचीच राहते. तिथे मूळ लेखकाचे नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक द्यावा लागतो. जे प्रणालीला सापडत नाही, ते त्या विषयाची पुस्तके वाचलेल्या मार्गदर्शकाने आणि परीक्षकाने शोधायचे असते.