मिरगाचा किडा का मखमली मुंगी? उचलायच्या आधी पाय मोजा

मिरग लागला, पहिला पाऊस पडला की आमच्या आटपाडीकडं माळावर लाल मखमलीचे गोळे फिरायला लागतात, ते मिरगाचे किडे, आणि ते काडेपेटीत घालून शाळेत न्यायचा उद्योग आमच्या पिढीनं सगळ्यांनीच केलाय. त्याच सवयीनं परवा पुतण्यानं बांधाकडेला पळणारं लाल केसाळ काहीतरी चिमटीत धरलं, आणि असा बोंबलला की पलीकडच्या वस्तीवरची माणसं पळत आली. ती मखमली मुंगी होती. म्हणजे नावाची मुंगी, खरं तर ती गांधीलमाशीच्या भावकीतली, फक्त मादीला पंख नसतात म्हणून मुंगीसारखी दिसते.

आता फरक. मिरगाचा किडा म्हणजे गोचिडाचा नातलग, आठ पाय, मिशा नाहीत, कंबर नाही, सगळं अंग एकच लालभडक फुगीर उशी. चालतो निवांत, हात लावला की पाय आखडून गप पडतो. डंख वगैरे काही नाही. पावसानंतर थोडे दिवस दिसतो, पण दिसतो तेव्हा एकाच रानात बरेच. मखमली मुंगीला सहा पाय, मिशा सतत थरथरत्या, छाती आणि पोट वेगळं कळतं, आणि आपल्याकडं बऱ्याचदा छाती तांबडी नि पोट काळं, त्यावर पांढुरके ठिपके. एकटीच असते आणि सारखी पळत असते, कारण ती जमिनीत घर करणाऱ्या माश्यांची बिळं हुंगत फिरते, आत शिरून त्यांच्या पिल्लाजवळ अंडं घालते, मग तिची अळी ते पिल्लू खाते. दाबली तर चिर्र चिर्र आवाज करते. पुतण्या म्हणतो आवाज आला होता, पण तोवर उशीर झाला होता!

डंखाचं म्हणाल तर जस्टिन श्मिट नावाच्या कीटकतज्ज्ञानं १ ते ४ असे वेदनेचे मार्क ठरवले होते, त्यात अमेरिकेतल्या एका मखमली मुंगीला ३ आहेत. तिकडं तर एका जातीला 'गायमारी' म्हणतात, गाय काही मरत नाही, पण नाव कुणीतरी अनुभवानंच ठेवलं असणार.

साध्या मुंगळ्याशी घोळ होत असेल तर मिशा बघा. मुंगळ्याच्या मिशीला कोपरासारखा ठळक बाक असतो आणि कंबरेला गाठ असते, हिला तसं नसतं, शिवाय अंगभर केस.

खरी डोकेदुखी मखमली मुंगीची जात ओळखताना होते. जगात ४००० च्या वर जाती, त्यात नराला पंख असतात, डंख नसतो, आणि तो मादीपेक्षा इतका वेगळा दिसतो की एकाच जातीच्या नराला एक आणि मादीला दुसरं अशी नावं पडलेली आहेत. काही जातींत नर मादीला उचलून घेऊन उडतो, तशी जोडी फोटोत सापडली तर सोनंच, दोघं एकाच जातीचे हे लगेच कळतं. मादी उडत नाही, पायानं जाईल तेवढंच तिचं जग, म्हणून कुठं दिसली याची नोंद करताना नुसतं 'सांगली जिल्हा' लिहून भागत नाही, गाव, माळ का ओढा, तारीख, सगळं पाहिजे. खानापूरच्या माळावरची आणि चांदोलीच्या जंगलातली एकच असेल असं धरून चालू नका.

फोटो बरोब्बर वरून काढा, पोटावरचे ठिपके मोजता आले पाहिजेत, मग एक बाजूनं, जमलं तर तोंडाचा. पळते म्हणून काचेच्या ग्लासाखाली अडकवा, वरून काढा, सोडून द्या. आम्ही काढला तो हललेला, कारण फोन माझ्या एका हातात आणि दुसऱ्या हातात पुतण्याचं बोट, त्यामुळं ठिपके दोन का चार तेच कळंना आणि आमच्या नोंदीत जातीच्या जागी नुसतं कुळाचं नाव पडलंय, म्युटिलिडी.